उरलेली साडेतीन मिनिटे

५ फेब्रुवारी १९९६, सोमवार. बारामती.

तुळशीराम रोकडे मास्तर गेले. आज पहाटे, निरवांगीत, राहत्या घरी. वय एकाहत्तर. मुलगी विशाखा हिने सव्वासातला फोन करून कळवले. साडेसातला मी सरपंचांना फोन लावून खात्री करून घेतली. मुलीने सांगितल्यावर आणखी कसली खात्री? पण हात आपोआप फोनकडे गेला.

दुपारी मोटारसायकलने निरवांगी. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, पुढे जाता येईना. पोचलो तेव्हा विहारापुढे माणसे जमली होती. मास्तरांना पांढऱ्या चादरीत ठेवलेले. डावा हात बाहेर राहिला होता. चारही बोटांच्या टोकांना तारांचे घट्टे, अजून तसेच. मास्तरांच्या पत्नी अनुसयामावशींनी तो हात आत घेतला.

त्रिसरण-पंचशील झाले. नदीकडे जाताना मागे दोघे बोलत होते.

"मास्तरांचं वाजवणं लय संथ. आमच्या थोरल्याच्या लग्नात बोलावलं, तर वऱ्हाड जेवायच्या आधीच झोपलं."

"तरी तूच गेलावता की बोलवाय."

"मिल्ट्रीतला माणूस म्हणून गेलो. मला काय ठावं, आसलं वाजवतोय."

हसले दोघे. मग मास्तरांना खांदा द्यायला तेच पुढे झाले.

संध्याकाळी बातमी फॅक्स केली. 'व्हायोलावर स्वतंत्रपणे रागसंगीत वाजवणारे पहिले वादक.' पुण्याहून डेस्कचा फोन. पहिले कशावरून? पुरावा काय? म्हटले, माझ्याकडे त्यांची ध्वनिफीत आहे. बरं बघतो, म्हणाला.


६ फेब्रु.

सहा ओळी. आतले पान. 'ज्येष्ठ व्हायोलिनवादकाचे निधन.' 'पहिले' उडवलेले, व्हायोलाही उडवलेला.

मास्तर असते तर हसले असते. जन्मभर हेच. रेडिओच्या अर्जात व्हायोला नव्हता, मग व्हायोलिनच्या रकान्यात बसवले. व्हायोलिन म्हणून ऐकले, आवाज जाड आहे म्हणून नापास केले. "म्हशीला गाय म्हणून बाजारात न्यायची आन् शिंगं वाकडी म्हणून परत धाडायची," असे ते सांगत. रागावून नाही. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसे.

इथे एकदा नीट लिहून ठेवतो. सहा ओळींत मावले नाही ते.

सोळाव्या वर्षी लष्करी बँडमध्ये. तिथे व्हायोला कुणालाच नको असे. व्हायोलिनपेक्षा मोठा, जड, हात अवघडतो, आणि सगळ्यांबरोबर वाजला की ऐकू येत नाही. बँडमास्तरने रांगेत बघितले, ज्याचे हात लांब त्याच्या हातात दिला. पुढे मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात बावीस वर्षे. मधल्या ओळीत. पुढे व्हायोलिनवाले, मागे चेलो. "आमचं काम भिंतीतल्या मातीचं. दगड दिसत्यात, माती कुणाला दिसती?"

तिथेच कधीतरी त्यांच्या मनात आले की हा आवाज माणसाच्या गळ्याच्या सगळ्यात जवळचा आहे, आणि याला एकट्याला कुणी बोलूच देत नाही. चारी तारा सा-प-सा-प अशा लावल्या. खाली मांडी घालून बसले, वाद्याचे डोके पायाच्या घोट्यावर टेकवले आणि राग वाजवायला लागले. विचारायला गुरू नव्हता. या वाद्यावर हे आधी कुणी केल्याचे त्यांना माहीत नव्हते, मलाही नाही. मुंबईत एकदा, फक्त एकदा, पूर्ण मैफल. मारवा. ऐकायला साठ-सत्तर माणसे. त्यानंतर कुणी बोलावले नाही. वीस वर्षे निरवांगीत, विहाराच्या ओट्यावर, एकटे.

त्या मारव्याची एकच फीत. माझ्याकडे.


७ फेब्रु.

विशाखाचा फोन, बावड्याहून. ती तिथे जि. प. शाळेत शिक्षिका. मास्तरांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी अठराला, सकाळी दहा वाजता. भाषणे नकोत, असे आई म्हणते. आबांची कॅसेट लावायची. संपूर्ण. गावाने एकदा बसून ऐकायचे. लाऊडस्पीकरवाला सांगून ठेवला.

आणखी एक. पुण्याच्या एक बाई, जुन्या वादकांवर पुस्तक लिहितात. मास्तरांचे नाव कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेले होते. येणार आहेत. कॅसेट ऐकली तर पुस्तकात मास्तरांवर एक प्रकरण. "नुसत्या ऐकीव गोष्टीवर लिहीत न्हाय म्हणाल्या. वाजवलेलं पायजे."

बरोबर आहे त्यांचे. मीही तसेच म्हटले असते.

"काका, कॅसेट बरी हाय ना?"

"आहे की. डब्यात आहे."


८ फेब्रु.

डबा उतरवला. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, चाळीसेक कॅसेटी. मास्तरांची सापडली. वहीच्या कागदाची चिठ्ठी, त्यांच्या अक्षरात: 'मारवा. तु. के. रोकडे. व्हायोला.' 'व्हायोला'खाली दोन रेघा.

लावली. साखर कारखान्याच्या चेअरमनचे भाषण.

वाटले, उलटी बाजू. काढून बघितली. नाही, हीच बाजू. उलटी लावली, तर कोरी. परत ही लावली. पणदऱ्याची सभा, ब्याण्णवची. उसाचा भाव, तोडणीला उशीर, मागून कुणीतरी "पाण्याचं बोला" म्हणून ओरडतो. चेअरमन खोकतात. हा खोकला मी बातमीत 'आवाज भरून आला' असा लिहिला होता.

एकेचाळीस मिनिटे भाषण. तसाच बसून ऐकले. मधेच कुठे तरी व्हायोला निघेल असे वाटत राहिले. टाळ्या झाल्या, खटका वाजला, आणि मग निघाला.

साडेतीन मिनिटे. तेवढेच उरले आहे.


९ फेब्रु.

लिहायला नको वाटते. पण लिहितो.

मास्तरांनी कॅसेट दिली ९१ मध्ये. माझ्यावर एक लेख लिहा म्हणाले नाहीत. "ह्या वाद्यावर लिवा" म्हणाले. "घाई न्हाय. तुमाला सवड झाली म्हंजी लिवा." ते 'घाई न्हाय' नडले. मला रात्री नऊच्या आत बातमी दे म्हटले की देतो. पंचवीस वर्षे देत आलोय. ज्याला वेळ ठरलेली नाही ते माझ्याकडून होत नाही. हंगाम संपला की, निवडणूक झाली की, पाऊस लागला की.

देताना त्यांनी कॅसेटच्या एका अंगाचे प्लास्टिकचे नख मोडून दाखवले होते. नख मोडले की त्या बाजूवर काही भरता येत नाही, मशीनचे बटणच खाली जात नाही. "ही बाजू माझी. दुसरी मोकळी हाय, ती तुमी वापरा. कॅसेट वाया कशाला घालवायची?"

माझी पद्धत ठरलेली. भाषण भरून घ्यायचे, बातमी लिहायची, त्याच कॅसेटवर पुढची सभा. पणदऱ्याला त्या दिवशी बरोबर नेलेली कॅसेट अडकली, फीत बाहेर आली. पिशवीत दुसरी हीच. मोकळी बाजू वापरू म्हटले, घाईत कुठली बाजू घातली ते बघितले नाही. चेअरमन उभे राहिलेले. बटण खाली जाईना. त्याच वेळी कळायला हवे होते. बटण मला तेच सांगत होते. पण भाषण सुरू झाले होते, आणि माझ्या अंगठ्याला कापल्याची चिकटपट्टी होती. ती काढली, नखाच्या भोकावर लावली. बटण गेले खाली.

पट्टी अजून आहे. तपकिरी, कडा काळ्या पडलेल्या. मधे रक्ताचा डाग. माझ्या.

त्या सभेची बातमी दोन कॉलम आली होती.


१० फेब्रु.

कॅसेटच्या दुकानात गेलो. मैफल मुळात मोठ्या स्पूलच्या फितीवर भरलेली; मास्तरांनी त्यावरून कॅसेट याच दुकानात करून घेतली होती. दुकानदाराला चांगले आठवत होते. स्पूलचे यंत्र त्याने खास फलटणहून मागवले होते. मी उगाच इकडचे तिकडचे बोललो, मग विचारले, तेव्हा एखादी जास्तीची काढून ठेवली होती का?

"मी म्हणलोवतो त्यास्नी. मास्तर, दोन काढू, एक घरी ऱ्हाऊ द्या. न्हाय म्हणले. घरी उंदरं, पावसाळा. एकच काढा, वसंतराव पेपरवालं हायत, त्यांच्याकडं जपून ऱ्हाईल."

चहा मागवला त्याने. प्यालो.


१२ फेब्रु., सोम.

मूळ स्पूल तरी. विशाखाला शाळेत फोन केला. विचारायचे कसे? म्हटले, लेखासाठी हवा होता, तो स्पूल घरी आहे का?

नाही. त्र्याण्णवला पावसात पत्रा गळाला, फळीवरचे सगळे भिजले. स्पूलची फीत एकमेकीला चिकटून लगदा झाला. मास्तर ते टाकू देत नव्हते. तिनेच टाकला. "म्हणलं आबा, कॅसेट हाय ना काकांकडं, कशाला ही घाण ठेवताय? मग गप बसले."

त्र्याण्णव. मी त्याआधी वर्षभर चेअरमनचे भाषण डब्यात ठेवून बसलो होतो.

मास्तर नंतर एकदाच कॅसेटबद्दल बोलले होते. बाजारात भेटले तेव्हा: "ऐकली का?" ऐकली म्हटले. खोटे नव्हते, पहिल्या आठवड्यात दोनदा ऐकली होती. "सा कुठं लागला ध्यानात आलं?" मी हो म्हटले. हे मात्र खोटे.


१३ फेब्रु.

बावडा. फोनवर नको, समोर सांगू म्हणून गेलो. येष्टीने, म्हणजे वाटेत विचार करता येईल. काही विचार झाला नाही.

मधली सुट्टी. विशाखा व्हरांड्यात मुलींच्या वह्या तपासत होती. मी बसायच्या आतच तिने पर्समधून पत्र काढले. पुण्याच्या बाईंचे. अठराला नक्की येतात, स्वतःचे चांगले यंत्र आणतात, कॅसेटची नक्कल तिथेच करून घेतील. विशाखाने एक ओळ दोनदा वाचून दाखवली: "तुमच्या वडिलांची दखल घ्यायला फार उशीर झाला, याचे वाईट वाटते."

"काका, आबा आसते तर ह्यावर काय म्हणाले आसते, सांगा."

"काय?"

"व्हायोला म्हणून घेणार का व्हायोलिन म्हणून, आधी इचारून घे, म्हणाले आसते." आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले. मुली बघायला लागल्या. तिने त्यांना "सतराचा पाढा म्हणा गं" म्हटले.

पाढा सुरू झाला. सुट्टी संपली. मी सांगितले नाही. ती म्हणाली, "तुमी होता म्हणून ऱ्हायलं हे." मी येष्टीत येऊन बसलो.


१५ फेब्रु.

लेख लिहायला बसलो. पाच वर्षांनी. सकाळी सहा ते अकरा. सहाशे शब्द झाले. वाचले. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव. कुठल्याही माणसाची श्राद्धाची बातमी. त्यात आवाज नाही. त्या मैफलीत काय वाजले ते मला सांगता येत नाही, कारण मी नीट ऐकले नव्हते. लोकांचे बोलणे मी ऐकतो, ते शब्दन् शब्द लक्षात राहते. या बाबतीत काहीच राहिले नाही.

फाडला.

आणखी कुणाकडे काही आहे का? विहाराच्या ओट्यावर त्यांच्याकडे शिकायला आलेली तीन मुले. तिघांनीही सोडले. एक आता लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. त्याला विचारले. "मास्तर म्हणायचे, एक सूर पंधरा दिस घास. कोण घासणार? पण काका, त्यांचा एक सूर लागला ना, की हितं," छातीच्या खाली हात ठेवला, "हितं हालायचं." ओट्यावरचे कुणी भरून घेतले होते का? त्याने माझ्याकडे बघितले. "कशाला घेतील? मास्तर रोज होतेच की."


१६ फेब्रु.

निरवांगी. विशाखा शाळेत असते त्या वेळेला मुद्दाम गेलो. हा भित्रेपणा, माहीत आहे.

अनुसयामावशी एकट्या, अंगणात शेंगा फोडत. व्हायोला आत खुंटीला, पिवळ्या फडक्यात. तीनच तारा. जाड तार दोन वर्षांपूर्वी तुटली, मुंबईहून कधी आलीच नाही. शेवटपर्यंत तिन्हींवरच वाजवत.

मशीन नेले होते. वीज गेलेली, सेल घालून नेले होते ते बरे. सांगण्याऐवजी कॅसेटच लावली. भाषण संपते तिथे आधीच आणून ठेवली होती.

पहिला सूर आला तशी त्यांनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली. हात पदराला पुसले.

साडेतीन मिनिटे. एवढ्यात मी ती बारा-पंधरा वेळा ऐकली आहेत. खालून एक सूर वर येतो, रेंगाळतो, घरात यावे की नाही अशा विचारात असल्यासारखा, आणि मग सा लागतो. लांब. गज परततो, पुन्हा सा. मग शांतता. एक माणूस टाळी वाजवतो, मग बाकीचे. शेवटी मास्तरांचा आवाज, अगदी जवळ: "झालं."

मावशी मशीनजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "ह्याच्या आदीचं कुठाय?"

मी मशीन बंद केले.

"ह्यो शेवट हाय. मला ठावं हाय. मी म्होरं बसलेली त्या दिशी, विशाखा मांडीवर. लोकं चुळबुळ करत हुती. मी घरी इचारलं, आवो, तो सा एवढा उशिरा का लावलासा? तर म्हणले, मारव्यात सा ला घाईनं भेटायचं नसतं. ऐकणाऱ्याला दाराबाहीर उभा ठेवायचा. लय येळ. मंग दार उघडायचं." माझ्याकडे बघत होत्या. "वसंतराव, दाराबाहीरचं कुठं गेलं?"

सांगितले. पणदऱ्याची सभा, बटण, चिकटपट्टी. सगळे. बातमी सांगतो तसे क्रमाने सांगितले. दुसरे जमत नाही.

त्या उठून आत गेल्या. मला वाटले आता दार लावतील. तांब्याभर पाणी घेऊन आल्या, माझ्यापुढे ठेवले.

"त्यास्नी कळलं हुतं?"

"नाही."

"मंग बरं झालं." आणि जरा थांबून, "न्हाय. बरं न्हाय झालं. पर त्यास्नी कळलं न्हाय, तेवढंच."

विशाखाला मी सांगू का, असे मीच विचारले. म्हणजे, त्यांनी सांगावे असे मनात होते.

"तुमीच सांगा. माझ्याच्यानं न्हाय व्हायचं. तिनं स्पूल टाकला म्हणून ती आदीच सोताचा जीव खातीया. तुमाला म्हणाली न्हाय?"

नाही. मला म्हणाली नव्हती. मला म्हणाली, तुमी होता म्हणून राहिले.

निघताना मावशी म्हणाल्या, "पुन्यांदा लावा की." लावली. या खेपेला त्यांनी डोळे मिटून घेतले होते. 'झालं' आले तेव्हा त्यांनी मान हलवली, कुणी जेवून उठताना सांगते आणि आपण हो म्हणतो, तशी.


१७ फेब्रु., शनिवार. बारामती.

चिकटपट्टी काढली. सुईने, हळूहळू. नखाचे भोक मोकळे झाले. आता यावर कुणाला काही भरता येणार नाही. चार वर्षे उशिराने.

नकला करून घेतल्या, चार. त्याच दुकानात. दुकानदाराने हेडफोन कानाला लावून थोडे ऐकले. "एवढंच?" एवढेच. त्याने पुढे विचारले नाही. मी पणदऱ्याचे भाषण नकलेत घेऊ नका म्हटले. मग विचार केला आणि म्हटले, एका नकलेत राहू द्या. ती पुण्याच्या बाईंना द्यायची. त्यांनी विचारले तर दाखवायला तरी हवे, काय गेले आणि कशाखाली.

रविवारच्या कार्यक्रमाची बातमी शनिवारीच लिहून ठेवायची, ही आमची सगळ्यांची रीत. रविवारी कुणी फॅक्सपाशी बसत नाही. पाकीट संध्याकाळच्या पुणे गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचे. कार्यक्रम झालाच असे धरून लिहायचे, 'उपस्थितांची मोठी गर्दी होती' वगैरे. आजवर कधी चुकले नाही.

आज लिहिली. 'निरवांगी, ता. १८: व्हायोलावादक तुळशीराम रोकडे यांच्या पुण्यानुमोदन कार्यक्रमात त्यांच्या एकमेव मैफलीची ध्वनिफीत' इथपर्यंत आलो. पुढे 'ऐकवण्यात आली' येते. सवयीने हातातून येणारच होते. पेन उचलले.

पाकीट दिले नाही. गाडी गेली.

उद्या दहाला कार्यक्रम. विशाखा बावड्याहून पहिल्या गाडीने, आठपर्यंत पोचेल. पुण्याच्या बाई साडेनऊपर्यंत. लाऊडस्पीकरवाला नऊपासून हॅलो हॅलो करत बसेल. मी साडेसातला घरून निघतो. ट्रॅक्टर आडवे आले नाहीत तर साडेआठ. म्हणजे कर्णे लागायच्या आत अर्धा तास मिळेल. विशाखाला विहाराच्या मागे, नदीच्या बाजूला घेऊन जायचे. तिथे कुणी नसते.

काय बोलायचे ते चारदा लिहून बघितले. पहिले वाक्य अजून जमलेले नाही.